सासूबाईंची ओंजळ

मसुराच्या पोत्याला हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या चौथ्या दिवशी सांगितलं, आणि चौदा वर्षं मी तो लावला नाही. भोपळे फोडले, कांद्यांचे ढीग चिरले, हंड्यांची बुडं राखेनं घासून नखं झिजवली, धुरानं डोळे लाल करून घेतले. पण मसूर हंड्यात जायचा तो त्यांच्याच ओंजळीनं. तीन माणसांमागे एक ओंजळ.

आमचं घर मोठ्या जेवणांचं. कुठे विहीर खणायची असो, रस्ता करायचा असो, शाळेच्या भिंती उभारायच्या असोत, शंभर माणसं जमली की आमच्या घरचे हंडे निघायचे. सासूबाईंच्या सासूबाईही हेच करायच्या. थोडक्या शिध्यात पुष्कळ पोटं भरायची आणि ती संध्याकाळपर्यंत भरलेली ठेवायची, हे काम येरागबाळ्याचं नाही. लोकांना वाटतं, पाणी ओतलं की झालं. ओतून बघा म्हणावं!

कणीला डब्याचं माप चालायचं. तांदळाची कणी थोडी कमीजास्त झाली तरी फुगते आणि सांभाळून घेते. मसूर सांभाळून घेत नाही. ओंजळ कमी पडली की दुपारी चारला माणसाचे गुडघे थरथरतात. म्हणून मसूर सासूबाईंच्या हातात आणि बाकी सगळं माझ्या डोक्यावर. मला राग यायचा. का येऊ नये? चूल फुंकायला मी, आणि जेवून उठताना लोक म्हणणार, "मोठीआई, काय हात आहे तुमचा!" सगळा गाव त्यांना मोठीआईच म्हणतो.

त्या साली नदीनं दोन ठिकाणी बांध फोडला आणि शेतांवर गुडघाभर गाळ आणून टाकला. आमचा तुकडाही गाळाखाली गेला. पुन्हा पाणी चढायच्या आत बांधाची भगदाडं बुजवायला सोळा दिवस होते. आमच्या गावातली आणि खालच्या दोन गावांतली मिळून तीनशे माणसं कामाला आली. मजुरी कुणालाच नव्हती, ज्याचं त्याचं शेत वाचवायचं होतं. मिळणार होतं ते दुपारचं एक जेवण. बांधाच्या कामासाठी नेमलेल्या समितीच्या गोदामातून आठ पोती मसूर आणि चिकार कणी आली. भोपळे, कांदे, मिरच्या ज्यांनी त्यांनी घरून आणल्या.

कामावर मुकादम नेमला होता. माणूस वाईट नव्हता, पण सारखा घाईत असायचा. खिशाला पेन, काखेत वही, चालता चालता बोलायचा. पहिल्याच सकाळी तो आमच्या चुलाणापाशी आला. आम्ही लांबलचक चर खणून त्यावर तीन हंडे चढवले होते.

"मोठीआई, हा सगळा खटाटोप कशाला? शहरातून पाव मागवतो. दहा मिनिटांत खातील आणि कामाला लागतील. तुमच्या जेवणात तास जातो."

सासूबाई चुलाणात लाकूड सारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पाव खाऊन तू एकदा बांधावर घमेलं चढवून दाखव. दुसऱ्या खेपेला उभा राहिलास, तर मी स्वतः तुझ्या पावाला लोणी लावीन."

पलीकडचे कुदळवाले हसले. मुकादमाला ते लागलं असावं. "ठीक आहे," तो म्हणाला. "करा. पण जेवणापायी काम एक दिवस जरी अडलं, तर हे हंडे खाली उतरवीन. सगळ्यांसमोर सांगतोय."

त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं, हेच वाईट झालं. भर कामावरून ज्या घराचे हंडे उतरवले, त्या घराला पुन्हा कोण बोलावणार? आमचं शेत गाळात होतं. हंडे हेच आमचं शेत होतं. माझा नवरा लाकडं फोडत होता, त्याची कुऱ्हाड क्षणभर वरच राहिली.

आमची कामाची रीत अशी. सकाळी कामावर येणारा प्रत्येक माणूस चुलाणाजवळच्या टोपलीत एक खडा टाकतो. नाव नाही, अंगठा नाही, एक खडा. मग सासूबाई जमिनीवर फडकं पसरायच्या, तीन तीन खड्यांचे ढीग लावायच्या, आणि एका ढिगामागे एक ओंजळ मसूर हंड्यात टाकायच्या. ओंजळ टाकली की तो ढीग पायानं बाजूला. तेव्हा कुणी बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. शंभर ढीग, शंभर ओंजळी. मी एकीकडे कांदा परतत असायची. कांदा खरपूस लाल, त्यात मिरची, मग भोपळ्याच्या फोडी, मग मसूर आणि हंड्याच्या आत मापासाठी ठोकलेल्या खिळ्यापर्यंत पाणी. भोपळा विरघळून गेला की कालवण दाटून येतं. शेजारच्या हंड्यात कणीचा भात. वाडग्यात आधी भात, त्यावर डावभर कालवण. यात काही नवल नाही. पण भुकेल्या माणसानं पहिला घास घेतला की त्याचे खांदे खाली येतात, ते बघायला मला अजूनही आवडतं.

वाढायच्या आधी सासूबाई लाकडी डाव हंड्यात मधोमध उभा करायच्या आणि हात सोडायच्या. डाव उभा राहिला तर वाढायचं. आणि सगळ्यात शेवटी, सगळे उठल्यावर, ज्याची ओंजळ त्यानं हंडा खरवडून जेवायचं. माप बरोबर असलं की तळाशी एक वाडगा उरतो. कमी नाही, जास्त नाही. चौदा वर्षं मी त्यांना तो एक वाडगा खाताना बघत आले होते, आणि तो खाताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की तेव्हा त्यांना काहीही मागावं.

पहिले चार दिवस डाव खांबासारखा उभा राहिला. बांध दोन हात चढला. कुदळवाल्यांत एक ताडमाड गडी होता, त्याला सगळे लांबू म्हणायचे. तो तीन वाडगे जेवायचा आणि तिसरा संपल्यावर म्हणायचा, "वहिनी, आता जरा चव कळली." मुकादमसुद्धा वही काखेत धरून उभ्या उभ्या जेवून गेला आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजेच शाबासकी, असं माझा नवरा म्हणाला.

पाचव्या दिवशी डाव कलला. पडला नाही, कलला. सासूबाई म्हणाल्या, "नवा मसूर आहे. शिजायला दम खातो." सहाव्या दिवशी तो हंड्याच्या काठाला टेकला. त्या म्हणाल्या, "लाकूड ओलं आहे." माझ्या नवऱ्यानं तोंड उघडलं, कारण लाकूड खडखडीत वाळलेलं होतं आणि ते त्यानं फोडलं होतं. पण आईपुढे ब्र काढायची त्याची छाती नाही. सातव्या दिवसापासून सासूबाईंनी डाव उभा करून बघायचंच सोडून दिलं. "उगाच वेळ जातो," म्हणाल्या.

आणि सगळ्यांच्या मागून तळातला वाडगा जेवायचंही सोडलं. "भूक नाही. धुरानं पोट भरतं." मी रिकामा हंडा घासायला घेऊन जायची. मला काय, लवकर काम आटपायचं. बघूनही मी बघितलं नाही, हे आता कबूल करते.

नवव्या दिवशी लांबूनं वाडगा डोळ्यांसमोर धरला. "वहिनी, आज कालवणात माझं तोंड दिसतंय. बघूनच भूक मेली."

सगळी पंगत हसली. मीही हसले असते, पण सासूबाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. त्या वळून चुलाणाकडे गेल्या आणि विझलेलं लाकूड उगाच हलवत बसल्या. लांबूला कळलं. त्यानं त्या दिवशी तिसरा वाडगा मागितला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला शिंपीणकाकू भरलं घमेलं घेऊन बांधावरून कोसळल्या. शिंपीणकाकू म्हणजे वाघीण बाई, त्या सकाळी मला कांदे चिरू लागायच्या आणि मग दिवसभर माती वाहायच्या. चार हात खाली गडगडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळ फुटलं. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "काही नाही गं. पोटात काही राहिलं नाही, एवढंच. कुणाला सांगू नकोस."

सांगायची गरजच नव्हती. तासाभरात निम्मी माणसं घमेली पालथी घालून त्यावर बसली होती. आणि मुकादम चुलाणापाशी येऊन उभा राहिला होता.

"काम अडलं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "एक बाई पडली म्हणून..."

"वहिनी, मला डोळे आहेत. पहिल्या चार दिवसांत खाल्लंय मी इथे. तेव्हाचं कालवण आणि आजचं कालवण यात फरक आहे. मसूर तेवढाच, माणसं तेवढीच. मग मसूर जातो कुठे? उद्या सकाळी येऊन मी पोती मोजणार."

तो गेला. माझे कान तापले होते. चोर! आमच्या घराला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं. मी तशीच तरातरा पोती ठेवलेल्या पडवीत गेले. मागोमाग नवरा आला.

"दोन दिवसांना एक पोतं," मी म्हटलं. "आज दहावा दिवस. पाच पोती रिकामी हवीत."

त्यानं रिकामी पोती उचलून झटकली. चारच होती. पाचवं भिंतीशी उभं होतं, शिवणीसकट.

"हे अजून शिवलेलं कसं?" तो म्हणाला.

चोरी झाली असती तर पोतं कमी पडलं असतं. इथे तर एक जास्त होतं. मग माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंची ओंजळ आली. हिवाळ्यापासून त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते. रोज शंभर वेळा पोत्यात हात घालून बोटं आणखी आखडली होती. करंगळी आत वळलेली, दोन्ही तळव्यांच्या मधे फट पडलेली. शंभर ओंजळी त्या शंभरच टाकत होत्या. ओंजळच लहान झाली होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. चौदा वर्षं पोत्याला हात लावू दिला नाही, घ्या आता! असं मनात आलं, आणि चांगलं दोन श्वास टिकलं. मग आठवलं की सातव्या दिवसापासून त्या जेवल्या नव्हत्या. तळाशी वाडगा उरत नव्हता, म्हणून भूक नव्हती. लोकांच्या वाट्याचं कमी पडत होतं ते त्या आपल्या पोटातून भरून काढत होत्या, आणि तेही पुरत नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. मी पोत्यावर बसून रडले.

"आईला सांगायचं कुणी?" नवरा म्हणाला.

"तुमची आई आहे."

"तुझी सासू आहे."

"जन्म कुणाला दिला त्यांनी? मला?"

"मला दिला, पण ती मला कधी मोजतच नाही," तो म्हणाला. असा हा माणूस. हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी मी सांगायला गेले. सासूबाई उंबऱ्यावर बसून कोमट पाण्याच्या तपेलीत हात बुडवून होत्या. मला बघून त्यांनी हात बाहेर काढले आणि म्हणाल्या, "सूनबाई, डोक्याचं फडकं सुटलंय. जरा बांध." चौदा वर्षांत त्यांनी मला आपलं काही बांधायला सांगितलं नव्हतं. मी मागे बसून गाठ मारली. त्यांचे केस किती विरळ झाले होते. शब्द माझ्या ओठांपर्यंत आले आणि तिथून परत गेले.

"घट्ट झालं का?" मी विचारलं.

"नाही. बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी मनाशी ठरवलं, सकाळी त्यांची पाठ वळली की गुपचूप वीस ओंजळी जास्त टाकायच्या. पाप लागलं तर लागलं.

पण अकराव्या दिवशी मुकादम आमच्याही आधी येऊन बसला होता. त्यानं पोती बाहेर काढायला लावली. माणसं कामावर येत होती, टोपलीत खडे टाकत होती आणि तिथेच थबकत होती. बघता बघता सगळे गोळा झाले. कपाळाला पट्टी बांधून शिंपीणकाकूही आल्या.

मुकादमानं रिकामी पोती मोजली, भरलेली मोजली, वहीत बघितलं, पुन्हा मोजली. "एक जास्त आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "म्हणजे तीनशे माणसांच्या पोटातून काढून हे पोतं राखलं तुम्ही. माणसं चक्कर येऊन पडतायत, आणि इथे हात राखून वाढणं चाललंय. कुणासाठी राखलं? काम संपल्यावर घरी न्यायला?"

लांबू जमिनीकडे बघत होता. ज्यांनी आमच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं ती माणसं आमच्याकडे बघत नव्हती, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती, ती त्यानं हळूच खाली ठेवली, आणि बरंच झालं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "हल्ली मसूर मी टाकते. पुढे पुरेल की नाही, या भीतीनं माझा हात आखडला. घरी न्यायचा विचार नव्हता. शपथ घेते."

"बघा, कबूल करतायत," मुकादम म्हणाला.

"खोटं बोलतेय ती."

सासूबाई चुलाणाच्या कडेवरून उठल्या होत्या. "चौदा वर्षांत तिनं पोत्याला बोट लावलेलं नाही. मी लावूच दिलं नाही. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि गाव बघा कसा गप्प उभा आहे." त्या चालत आल्या, वाकल्या, फडकं जमिनीवर पसरलं. "सोड रे ते पाचवं पोतं."

नवऱ्यानं शिवण तोडली. सासूबाईंनी दोन्ही हात मसुरात खुपसले आणि ओंजळ वर उचलली. सगळ्यांना दिसेल अशी. मसूर बोटांच्या फटींतून गळायला लागला. त्या हात घट्ट मिटायला बघत होत्या, मनगटं थरथरत होती, पण बोटं मिटत नव्हती. फडक्यापर्यंत पोचला तेवढा मसूर त्यांनी ओतला.

"आता तू," त्या मला म्हणाल्या.

"आई, नको."

"हात घाल म्हणते ना!"

मी हात घातला. मसूर आत गार असतो, हे मला माहीत नव्हतं. मी ओंजळ भरून वर काढली आणि त्यांच्या ढिगाशेजारी ओतली. दोन ढीग, एकाला एक लागून. कुणी मोजायची गरज नव्हती.

"हा चोर," सासूबाई म्हणाल्या आणि आपले दोन्ही हात मुकादमापुढे धरले. "ही बोटं. पाचव्या दिवशीच मला संशय आला होता. नव्या मसुराला नावं ठेवली, लाकडाला नावं ठेवली, पण हाताला ठेवली नाहीत. म्हातारपणाची मिजास, दुसरं काय! शिंपीण पडली ती माझ्यामुळे पडली." त्या शिंपीणकाकूंकडे वळल्या. "तुझी माफी मागते बाई."

"मोठीआई, काहीतरीच काय!" शिंपीणकाकू म्हणाल्या आणि तोंडाला हात लावून रडायला लागल्या.

मुकादमानं वही मिटली. सासूबाईंनी त्याला बोलायला वेळ दिला नाही. "आजपासून ओंजळ हिची," त्या म्हणाल्या. "आज दुपारी डाव उभा राहिला नाही, तर हंडे मी स्वतः उतरवीन. तुला हात लावावा लागणार नाही."

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. वरच्या गावची नव्वद माणसं आज येतायत. मीच बोलावलीत. मोठ्या भगदाडाचं तोंड आजच बुजवायचंय."

"हे तुम्ही कधी सांगणार होता?" मी विचारलं.

"आता सांगितलं ना."

असा राग आला म्हणता! पण रागवायला सवड कुठे होती. नव्वद माणसं म्हणजे तीस ओंजळी जास्त, दोन डबे कणी जास्त, भोपळे आणखी सात. टोपलीत खडे पडत राहिले. वरच्या गावची माणसं आली, त्यांना कुणीतरी रीत सांगितली, त्यांनीही खडे टाकले. सासूबाई फडक्यापाशी खाली बसल्या आणि त्या वाकड्या बोटांनी तीन तीन खड्यांचे ढीग लावायला लागल्या. चौदा वर्षं मी कांदा परतत असायची त्या जागी आज शिंपीणकाकू उभ्या होत्या, डोळे पुसत, कांद्यानं की कशानं कोण जाणे.

मी पहिली ओंजळ काढली. हंड्यावर हात नेला. तीनशे नव्वद पोटं आणि माझे दोन हात. मी ओंजळ चांगली शिगोशीग भरली होती.

"ढीग नको," सासूबाई खालून म्हणाल्या. "सपाट भर. उदार होऊ नकोस, उद्याही जेवायचंय."

मी सपाट भरली. एक ओंजळ टाकली, त्यांनी ढीग सरकवला. दुसरी. तिसरी. चाळीसपर्यंत मला भीती वाटत होती, मग भीती वाटायला सवड राहिली नाही. सत्तरनंतर मनगटं ठणकायला लागली, आणि मला कळलं की हे त्या आयुष्यभर करत आल्या आणि एकदाही 'दुखतं' म्हणाल्या नाहीत. शंभरानंतर हातांना आपोआप वजन कळायला लागलं. कुणी बोललं नाही, शिंकलंसुद्धा नाही. बांधावरून येणारा कुदळींचा आवाज तेवढा होता. शेवटचा ढीग सासूबाईंनी सरकवला आणि म्हणाल्या, "एकशे तीस." मी हात झटकले. तळव्यांना मसुराची लाल पूड लागली होती, ती मी पुसली नाही.

कालवण रटरटायला लागलं. भोपळा विरला. मसूर फुटला. उन्हाचा तडाखा वरून, चुलाणाचा खालून, घाम हनुवटीवरून ठिबकत होता. बाराला माणसं रांगेनं बसली. रांग चुलाणापासून थेट बांधाच्या पायथ्यापर्यंत गेली होती. सगळे जेवायच्या आधी हंड्याकडे बघत होते. मुकादमही.

सासूबाईंनी मला डाव दिला. मी तो मधल्या हंड्यात मधोमध रोवला आणि बोटं सोडली.

डाव उभा राहिला. तसूभरही हलला नाही. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला, आणि लांबू रांगेतून ओरडला, "वाढा वहिनी, वाढा! आता तो डाव काढायला माणूस लागेल!"

मी वाढत गेले. आधी भात, त्यावर कालवण. पहिला घास, आणि खांदे खाली. पुढचा माणूस, आणि खांदे खाली. अशी सबंध रांग माझ्या डोळ्यांसमोर सैल होत गेली. लांबूनं तीन वाडगे खाल्ले आणि चव कळल्याचं जाहीर केलं. मुकादम आज खाली बसून जेवला. वही मांडीखाली घेतली होती.

रांगेच्या मधोमध मी आले आणि थांबले. तिथे सासूबाई बसल्या होत्या. लांबूच्या आणि शिंपीणकाकूंच्या मधे, मांडी घालून, वाडगा पुढे धरून. आमच्या घरची ओंजळवाली बाई पंगतीला बसलेली मी कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. मी वाढलं. त्या खाली मान घालून जेवल्या, चार दिवसांच्या भुकेल्या माणसानं जेवावं तशा, एक शीत न सांडता. मी रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, तर त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला.

"अजून वाढ," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा होता, बांधाच्या पायथ्यापर्यंत गेला. "माझ्या सुनेच्या हाताला चव आहे. अजून वाढ."

माझ्या डोळ्यांतलं पाणी वाडग्यात पडू नये म्हणून मी मान बाजूला केली. "पुरे" म्हणाल्या नाहीत, म्हणून काठोकाठ वाढलं.

त्या दुपारी चार वाजले, पाच वाजले, कुणी घमेलं पालथं घातलं नाही. दिवस मावळायच्या आत भगदाडाचं तोंड बुजलं. मुकादम जाता जाता चुलाणापाशी थांबला आणि हात जोडून गेला.

पण त्याच्या आधी, माणसं जेवून उठल्यावर, मी हंडे उतरवायला गेले. दोन हंडे कोरडे होते. तिसऱ्यात वाकून बघायला माझा धीर होईना. सासूबाई माझ्या शेजारी येऊन वाकल्या. त्यांनी आत बघितलं, डाव तळाशी फिरवून सगळं एका बाजूला ओढलं.

"किती आहे?" मी विचारलं.

"एक वाडगा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःचाच वाडगा राखेनं घासून, धुऊन आणला, हंडा खरवडून त्यात घातला आणि माझ्या हातात दिला.

"बस," त्या म्हणाल्या. "सावकाश खा. हंडे आज मी घासते."